थ्रॉटल लॉक: कोणतं घ्यायचं, कसं बसवायचं

लांब पल्ल्याच्या सरळ रस्त्यावर तासाभराने उजव्या पंजाला मुंग्या यायला लागतात. डाव्या हाताची फारशी तक्रार नसते, कारण तो हँडलवर नुसता टेकलेला असतो. उजव्याला मात्र एक्सिलेटरची मूठ स्प्रिंगच्या विरुद्ध पिळून धरावी लागते, आणि पकड जरा ढिली पडली की बाइक लगेच मंदावते. थ्रॉटल लॉक हे या एवढ्याच तक्रारीवरचं छोटंसं यांत्रिक उत्तर आहे. मूठ आहे त्या जागी अडवून धरायची, म्हणजे हात काही सेकंद मोकळा होतो.

ती स्प्रिंग उगाच बसवलेली नाही. हात सुटला किंवा रायडर पडला तर इंजिनची रेस आपोआप उतरावी म्हणून ती आहे. अमेरिकेत १९७४पासून लागू असलेल्या एफएमव्हीएसएस १२३ या मोटरसायकलच्या सुरक्षा नियमात तर हात काढल्यावर मूठ स्वतःहून आयडलवर, म्हणजे इंजिन नुसतं चालू राहील एवढ्या किमान रेसवर, आली पाहिजे असं लिहूनच ठेवलंय. लॉक लावलं की ही सोय तेवढ्यापुरती तुम्ही स्वतःच्या जबाबदारीवर बाजूला ठेवता. म्हणून कुठलंही लॉक हातात घेतलं की मी आधी ते सुटतं कसं हे बघतो, धरतं किती घट्ट हे नंतर. आणि बाइकला बाहेरची वस्तू बसवण्याबद्दल तुमच्याकडचा वाहन कायदा, विमा आणि वॉरंटी काय म्हणतात, हे पैसे देण्याआधी बघून घ्या.

आधी हात कशाने दुखतो ते शोधा

पुष्कळ जण लॉक घेतात आणि हात दुखायचा तो दुखतोच. कारण दुखण्याचं मूळ दुसरीकडे असतं.

बाइक मेन स्टँडवर घ्या, नेहमीसारखे बसा, दोन बोटं ब्रेकच्या लीव्हरवर ठेवा. कोपरापासून बोटांपर्यंत साधारण सरळ रेष यायला हवी. मनगट वर मुरडत असेल तर लीव्हर फार वर आहे, खाली मोडत असेल तर फार खाली. लीव्हरचा क्लँप थोडा ढिला करून फिरवला की काम होतं, खर्च शून्य. मग ग्लोव्हज बघा. तळव्यावर जाड शिवण येत असेल तर ती तासन्‌तास नसेवर दाबते. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होत असेल तर दाब अल्नर नसेवर येतोय. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर होत असेल तर मीडियन नसेवर. बाइकवरून उतरल्यावरही बधिरपणा राहत असेल, रात्री झोपेतून उठवत असेल, तर बाजारात काही शोधू नका, डॉक्टरकडे जा.

आणि केबल, म्हणजे मुठीपासून इंजिनकडे जाणारी तार. कोरडी किंवा चुकीच्या वळणाने ओढलेली केबल असली की मूठ जड होते, आणि दिवसभर ते जादाचं ओझं मनगट वाहतं. केबल बदलल्यावर काहींना लॉकची गरजच उरत नाही.

हे सगळं करूनही लांबच्या प्रवासात पंजा आखडतोच, तर पुढे वाचा.

लॉक म्हणजे क्रूझ कंट्रोल नव्हे

नवख्यांचा सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो. इलेक्ट्रॉनिक क्रूझ कंट्रोल वेग धरतं. चढ आला की संगणक इंजिनला जास्त हवा-इंधन देतो, उतार आला की कमी करतो, आणि ब्रेकला किंवा क्लचला बोट लागताच स्वतःहून बंद होतो. लॉक फक्त मुठीची जागा धरतं. चढावर बाइक मंदावणार, उतारावर पळणार, समोरून वारा आला की पुन्हा मंदावणार. लॉकला यातलं काही कळत नाही.

ब्रेक दाबलेलाही बहुतेक लॉकना कळत नाही. तुम्ही ब्रेक मारता तेव्हा इंजिन मागून ढकलतच राहतं. क्लच दाबलात तर चाकाचा भार सुटतो आणि उघड्या रेसवर इंजिन किंचाळत लाल पट्ट्याकडे धावतं. म्हणून लॉक लावलेलं असताना क्रम ठरलेला: आधी मूठ बंद, मग बाकी सगळं. सुदैवाने घाबरलेला हात ब्रेककडे जाताना बहुतेक वेळा मूठ पुढे ढकलतोच, आणि चांगलं लॉक तेवढ्यानेच हार मानतं.

बाइकला कंपनीचंच क्रूझ कंट्रोल असेल तर लॉक बसवू नका. अशा कित्येक बाइकवर मूठ बंद स्थितीच्याही किंचित पुढे ढकलली की क्रूझ रद्द होतं. तिथे लॉकची रिंग आडवी आली तर सुटकेचा हमखास मार्गच बंद होतो.

ऑटोमॅटिक स्कूटरवरही माझा सल्ला नकोच. तिथे क्लचचा लीव्हर नसतो. मूठ अडकली तर इंजिनचा जोर तोडायला किल स्विच (इंजिन लगेच बंद करणारं हँडलवरचं बटण) किंवा चावी एवढंच उरतं, आणि किल स्विच सगळ्या स्कूटरना असतोच असंही नाही.

काय काय मिळतं

पंजाचा टेकू. हे खरं तर लॉकच नाही. ग्रिपवर, म्हणजे मुठीच्या रबरी आवरणावर, अडकवायची प्लास्टिकची चपटी पट्टी, जिच्यावर तळव्याची कड टेकवली की मूठ न आवळता रेस धरता येते. क्रँपबस्टर हे यातलं प्रसिद्ध नाव. हात काढला की मूठ बंद होते, म्हणजे स्प्रिंगची सोय शाबूत. स्वस्त, अवजारांशिवाय बसणारं, म्हणून नवख्यांना हेच घ्या असं सगळे सांगतात. मला ते पूर्ण पटत नाही. गर्दीत बाइक हळू वळवताना किंवा खड्ड्यात दणका बसल्यावर तळवा नकळत या पट्टीवर पडतो आणि नको तेव्हा रेस मिळते. सरळ रस्ता लागला की लावा, वस्ती आली की फिरवून बाजूला करा, ही शिस्त पाळणाऱ्यालाच ते शोभतं.

घर्षणाची रिंग. ग्रिप आणि बार-एंड (हँडलच्या टोकाला लावलेलं वजन) यांच्या मध्ये बसणारी रबरी किंवा प्लास्टिकची कडी. ती सरकवली की दोन्हींमध्ये घट्ट बसून मूठ अडवते. सोपी, हलकी. पण रबर झिजतं, उन्हात मऊ पडतं, आणि सकाळी नीट धरणारी रिंग दुपारी वेगळंच वागते.

खटक्याचा क्लँप. ग्रिपच्या आतल्या टोकाशी बसणारी कडी आणि तिला अंगठ्याने ओढायचा छोटा दांडा. व्हिस्टा-क्रूझ याच घराण्यातलं. दांडा स्विचच्या डब्याला किंवा ब्रेकच्या बाजूला टेकून घर्षण देतो. जुन्या बाइकवर वर्षानुवर्षं चाललेली रचना आहे. दांडा नेमका कुठे टेकतो यावर मात्र सगळं अवलंबून असतं, आणि ते दर बाइकला वेगळं.

बार-एंडचं लॉक. हँडलच्या टोकाचं वजन काढून तिथे हे बसतं. त्यात आट्यांवर फिरणारी एक चकती असते. बाटलीच्या झाकणासारखी ती फिरवली की ग्रिपच्या किंवा थ्रॉटल ट्यूबच्या (ग्रिपच्या आतली, हँडलवर फिरणारी नळी) कडेवर दाबली जाते आणि मूठ जड होते. थ्रॉटलमाइस्टर आणि दक्षिण आफ्रिकेतलं काओको ही यातली जुनी नावं. घर्षण कमी-जास्त करता येतं हा मोठा फायदा. अडचण एवढीच की चकती हाताच्या अगदी टोकाला असते, ती फिरवायला करंगळीकडची बोटं वापरावी लागतात, आणि जाड ग्लोव्हजमध्ये ते लगेच जमत नाही.

बटणाचं लॉक. ग्रिपची आतली कड आणि स्विचचा डबा यांच्यातल्या फटीत बसणारी धातूची पातळ रचना. एक बटण दाबलं की घर्षणाची गादी डब्याला टेकते, दुसरं दाबलं की सुटते. अ‍ॅटलस हे नाव इथे सर्वांत जास्त ऐकू येतं. अंगठा मूठ न सोडता पोचतो, म्हणून लावणं-सोडणं सर्वांत सहज. बसवायला मात्र सगळ्यात नाजूक.

ब्रेक दाबताच सुटणारी यांत्रिक लॉकही आहेत. कल्पना उत्तम, पण जास्त भाग, जास्त जागा आणि जास्त जुळवाजुळव.

माझी पसंती विचाराल तर नवख्याने बार-एंडचं किंवा बटणाचं लॉक घ्यावं. ज्या लॉकला मागे-पुढे कुठेच घर्षण कमी-जास्त करायची सोय नाही, ते कितीही देखणं असो, घेऊ नये. आणि लावल्यावर मूठ हाताने बंद करता येत नाही असं जे काही असेल, म्हणजे खिट्टी किंवा दाते अडकवून मूठ पक्की जखडणारं, त्याला तर हातही लावू नका.

मापं घेतल्याशिवाय मागवू नका

बहुतेक मोटरसायकलींचं हँडल टोकाला २२ मिमी जाड असतं, मोठ्या क्रूझर प्रकारच्या बाइकवर २५.४ मिमी, म्हणजे एक इंच. अ‍ॅडव्हेंचर बाइकवरचं जाड दिसणारं टेपर (टोकाकडे निमुळतं होणारं) हँडल मधोमध २८.६ मिमी असलं तरी ग्रिपपाशी ते २२ मिमीच असतं, त्यामुळे तिथे फसू नका. व्हर्निअरने (बारीक मापं घ्यायची पट्टी) मोजून ही मापं लिहून काढा: ग्रिपचा बाहेरचा व्यास, ग्रिपची आतली कड आणि स्विचचा डबा यांच्यातली फट, आणि ग्रिपच्या बाहेरच्या टोकापासून बार-एंडपर्यंतची फट.

बार-एंडचं लॉक घेणार असाल तर आधीचं वजन कसं बसलंय हे कळायला हवं. काही हँडलमध्ये टोकाला आटे असतात आणि बोल्ट थेट त्यात जातो. काहींत आत दुसरं वजन असतं, त्यात आटे. काही हँडल नुसती पोकळ नळी असतात, तिथे आत फुगून घट्ट बसणारा रबरी किंवा चिरलेला धातूचा खुंट लागतो आणि त्यासाठी नळीचा आतला व्यास मोजावा लागतो. तुमच्या मॉडेलसाठी वेगळा संच मिळत असेल तर तोच घ्या. सगळ्यांना बसतं असं लिहिलेल्या संचातले स्पेसर (फट भरायच्या चकत्या) बहुधा कुणालाच नीट बसत नाहीत.

हँडगार्ड असतील तर त्यांचा बाहेरचा आधार त्याच टोकाला बोल्टने धरलेला असतो, साधं बार-एंडचं लॉक तिथे बसणार नाही. हँडगार्डसाठीचं वेगळं मिळतं. बार-एंडला आरसे असतील तर तीच गोष्ट. गरम ग्रिप असतील तर तिची वायर आतल्या कडेतून बाहेर पडते आणि मुठीबरोबर पुढे-मागे हलते. बटणाचं लॉक घेणार असाल तर ती वायर नेमकी कुठून निघते हे बघा, नाहीतर लॉक रोज थोडी थोडी ती कापत राहील.

आणखी एक. मुठीच्या स्प्रिंगचा जोर बाइकगणिक बदलतो. चार कार्ब्युरेटरच्या जुन्या बाइकची मूठ चांगलीच जड असते. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलमध्ये केबल ओढायची नसते, म्हणून मूठ हलकी. लॉकचं घर्षण स्प्रिंगपेक्षा थोडं जास्त आणि मनगटाच्या ताकदीपेक्षा पुष्कळ कमी हवं. हलक्या मुठीवर ही मर्यादा सांभाळणं सोपं, जड मुठीवर कठीण.

बसवण्याआधीची तपासणी

हे टाळू नका. आधीच अडखळणाऱ्या मुठीवर लॉक बसवलं की पुढे दोष कुणाचा हे कळेनासं होतं.

इंजिन बंद ठेवून मूठ पूर्ण उघडा आणि सोडून द्या. खट्‌ असा आवाज करत ती बंद व्हायला हवी. हँडल पूर्ण डावीकडे, मग सरळ, मग पूर्ण उजवीकडे करून तेच करा. एकाही ठिकाणी ती रेंगाळली तर कारण शोधा. नेहमीचं कारण म्हणजे ग्रिपचं रबर हळूहळू बाहेर सरकून बार-एंडला घासायला लागलेलं असतं. दुसरं, थ्रॉटल ट्यूब आणि हँडल यांच्यात साचलेली धूळ आणि त्यात कुणीतरी भरलेलं ग्रीस. ट्यूब काढा, दोन्ही पुसा, सहसा कोरडीच परत बसवा.

मग मोकळ्या हवेत न्यूट्रलमध्ये इंजिन चालू करा आणि हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. रेस वाढली तर केबल ताणली जातेय. केबलच्या बाइकवर मुठीला थोडा प्ले, म्हणजे रेस न वाढता फिरण्याइतकी ढील, हवा, बहुतेक बाइकवर तो ग्रिपच्या कडेला काही मिलिमीटर असतो. तुमच्या बाइकचा आकडा मॅन्युअलमध्ये असतो. इंजिन बंद करून थंड होऊ द्या.

बार-एंडचं लॉक बसवताना

चावी काढून खिशात घाला. आधीच्या भागांचा मोबाइलवर फोटो काढा, विशेषतः वॉशर आणि स्पेसर कुठल्या क्रमाने आहेत त्याचा.

पहिली परीक्षा जुना बोल्ट काढताना. कारखान्यात त्याला बहुधा थ्रेडलॉकर (आटे ढिले होऊ नयेत म्हणून लावायचा चिकट द्रव) लावलेलं असतं, त्यामुळे तो हट्टी असतो. बरोबर मापाची एलन की पूर्ण आत बसवा, सैल की वापरून खाच गोल करून घेऊ नका. जपानी बाइकवर फुलीचा स्क्रू असेल तर तो नेहमीचा फिलिप्स नसून जेआयएस, म्हणजे जपानी मानकाचा, असण्याची शक्यता मोठी. दोन्ही सारखेच दिसतात पण साधा स्क्रूड्रायव्हर त्यातून उसळून बाहेर येतो आणि खाच चावतो. जेआयएसचं बिट घ्या. तरीही हलत नसेल तर हीट गनने बोल्टाचं डोकं थोडं गरम करा, म्हणजे थ्रेडलॉकर मऊ पडतं. ग्रिपच्या रबराला झळ लागू नये म्हणून ओलं फडकं गुंडाळून ठेवा. आतलं वजनही बोल्टबरोबर फिरतंय असं वाटलं तर थांबा, मॅन्युअल बघा. काही बाइकवर ते वजन हँडलच्या भोकात अडकलेल्या पत्र्याच्या जिभेने धरलेलं असतं.

आता ग्रिपचं उघडं टोक नीट बघा. ट्यूबची कड रबराच्या बाहेर डोकावते, की रबर ट्यूबवरून पुढे आलंय? लॉकची चकती नेमकी कशावर दाबली जाणार आहे हे सूचनापत्रकात दिलेलं असतं, त्याप्रमाणे रबराची कड समतल करा. नवी धारदार ब्लेड, एकाच दमात गोल काप. कड वेडीवाकडी राहिली तर चकती मुठीच्या एका भागात घट्ट आणि दुसऱ्या भागात सैल लागते.

लॉक संचातल्या स्पेसरसह आत घाला, बोल्ट हाताने फिरवा. आटे हाताने सरळ धरले पाहिजेत. दोन फेऱ्यांतच जड जायला लागलं तर आटे तिरके लागलेत, उलटं फिरवून पुन्हा सुरू करा. बळजबरी केली की आटे जातात आणि हँडलमधले आटे परत करणं हे तासाभराचं काम नाही. बोल्ट टेकल्यावर चकती पूर्ण सैल सोडून फट बघा. ग्रिप आणि लॉक यांच्यात सगळीकडून सारखी, साधारण मिलिमीटरभर फट दिसली पाहिजे. फट नसेल तर एक पातळ स्पेसर वाढवा. फार असेल तर चकतीला तिथपर्यंत पोचायला जास्त फिरावं लागेल, एक कमी करा.

सगळं जुळलं की बोल्ट परत काढा, आट्यांवर निळ्या, म्हणजे मध्यम ताकदीच्या थ्रेडलॉकरचा एक थेंब लावा आणि सूचनापत्रकातल्या टॉर्कने (आवळण्याचा ठरवून दिलेला जोर) घट्ट करा. लाल थ्रेडलॉकर लावू नका, पुढच्या वेळी बोल्ट निघणार नाही. थेंब प्लास्टिकच्या भागांवर सांडू देऊ नका, कित्येक प्लास्टिक त्याने तडकतं. घर्षणाच्या कडेवर तेल, ग्रीस, पॉलिश काहीच नको. बोटांचे डागही आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून टाका.

जुनं वजन जपून ठेवा. ते शोभेला नव्हतं, हँडलची थरथर कमी करायला होतं. नवं लॉक फार हलकं असेल तर ठराविक आरपीएमला हँडल पहिल्यापेक्षा जास्त बझ करेल, म्हणजे मुंग्या घालवायला आणलेल्या वस्तूने मुंग्या वाढवल्या. अशा वेळी जड बांधणीचं लॉक शोधावं.

बटणाचं लॉक बसवताना

इथे काम मिलिमीटरचं आहे. लॉक मुठीबरोबर, म्हणजे ट्यूबवर, फिरतं. स्विचचा डबा स्थिर असतो. लॉक मुठीच्या पूर्ण प्रवासात ब्रेकचा लीव्हर, त्याचा क्लँप, स्टार्टरचं बटण, किल स्विच, केबलचं टोक, कशालाच लागता कामा नये. आधी स्क्रू न आवळता ते फटीत ठेवा आणि मूठ अगदी सावकाश बंदपासून पूर्ण उघडीपर्यंत फिरवा. खाली वाकून, शेजारून बघा, नुसतं वरून बघून चालत नाही. ब्रेक दाबलेला असतानाही फिरवून बघा, कारण दाबल्यावर लीव्हर मुठीकडे येतो.

दोन्ही टोकांना लक्ष द्या, पण जास्त लक्ष बंद टोकाला. उघडण्याच्या बाजूला लॉक कशाला लागलं तर पूर्ण रेस मिळणार नाही, एवढंच. बंद होण्याच्या बाजूला लागलं तर मूठ पूर्ण बंदच होणार नाही, आणि ते लॉक लावलेलं नसतानाही घडेल. जागा अशी निवडा की ठराविक प्रवासी वेगाला मूठ जिथे असते तिथे बटणं अंगठ्याखाली येतील. मूठ बंद असताना ती सोयीची वाटली तर कदाचित चालवताना फार खाली गेलेली असतील. वरून आणि खालून बसवायचे वेगळे संच मिळतात ते यासाठीच.

जागा ठरली की स्क्रू आळीपाळीने आवळा, एकदा हा, एकदा तो, अर्धा-अर्धा फेरा. दोन्ही बाजूंची फट सारखी राहिली पाहिजे. कीचा छोटा हात वापरा म्हणजे जोर आपोआप मर्यादेत राहतो. थ्रॉटल ट्यूब प्लास्टिकची असते; क्लँप फार आवळला की ती किंचित लंबगोल होते आणि आतल्या नळीला घासायला लागते. हे डोळ्यांना दिसत नाही. प्रत्येक अर्ध्या फेऱ्यानंतर मूठ उघडून सोडा. बंद होतानाचा खट्‌ आवाज मवाळ झाला, तर समजा की जास्त आवळलंय.

रस्त्यावर नेण्याआधी

इंजिन बंद. लॉक सोडलेलं. तिन्ही हँडल-स्थितींत मूठ पहिल्यासारखीच खट्‌ बंद होते का? होत नसेल तर पुढे जायचं नाही.

मूठ थोडी उघडा, लॉक लावा, हात काढा. मूठ तिथेच राहावी. आता अंगठा आणि दोन बोटांनी ती बंद करून बघा. पूर्ण मूठ आवळून जोर लावावा लागत असेल तर घर्षण जास्त आहे, कमी करा. ग्लोव्हज घालून पुन्हा करा. डोळे मिटून लावा आणि सोडा, हाताला जागा पाठ होईपर्यंत.

मग इंजिन चालू, न्यूट्रल, मोकळी हवा. आयडलच्या जरा वर, म्हणजे २,००० ते २,५०० आरपीएमच्या आसपास लॉक लावा आणि लगेच मूठ ढकलून सोडवा. एकदा बटणाने किंवा चकतीने सोडवा. एकदा किल स्विच दाबून इंजिन बंद करा. हा तिसरा मार्ग अंगठ्याला माहीत असलाच पाहिजे, कारण लॉक, ग्रिप किंवा केबल यांपैकी काहीही अडकलं तरी तो चालतो. उभ्या बाइकवर हे प्रयोग लांबवू नका, इंजिन तापतं.

शेवटी सरळ, रिकामा, कोरडा रस्ता आणि मध्यम वेग. पहिल्यांदा लॉक लावल्यावर हात काढूच नका, मुठीवर सैल ठेवून बाइक कशी वागते ते अनुभवा. मग मूठ ढकलून सोडवा. मग हलका ब्रेक मारत सोडवा. हे अंगवळणी पडल्यावरच हात दोन-तीन सेकंद काढा. उजवा हात काढल्यावर शरीराचं वजन डावीकडे झुकतं आणि बाइक किंचित तिकडे ओढते. गुडघ्यांनी टाकी धरून ठेवली की सरळ राहते.

कधी लावायचं

९० किमी वेगाने बाइक दर सेकंदाला २५ मीटर जाते. हात मांडीवरून उचलून पुढच्या ब्रेकवर न्यायला लागणारा वेळ यात धरा. त्यामुळे हात काढायचा तो झटकण्यापुरता, बोटं उघड-मीट करण्यापुरता, हेल्मेटची काच वर करण्यापुरता. अनुभवी रायडर लॉक लावूनही हात मुठीवरच ठेवतात, नुसता आवळ सोडतात. पंजाला खरा आराम त्यानेच मिळतो.

पावसात, वाळू-खडीवर, वळणावर, घाटात, वस्तीत, ताफ्यात आणि पुढच्या गाडीच्या जवळ असताना लॉक उघडं ठेवायचं. ओल्या रस्त्यावर मागचं चाक घसरायला लागलं तर पकड सैल होताच रेस आपोआप उतरायला हवी, आणि नेमकं तेच लॉक होऊ देत नाही. मागे माणूस बसला असेल तर त्याला आधी सांगा. पुढचा अचानक हात सोडतोय हे बघून मागचा दचकला तर बाइक हलते. उतार लागला की वेगमापकाकडे बघायची सवय लावा, मूठ हललेली नसल्यामुळे वेग वाढलेला हाताला कळतच नाही.

पुढची निगराणी

पहिल्या लांब फेरीनंतर सगळे स्क्रू पुन्हा तपासा, नवे भाग थोडे बसतात. त्यानंतर चेनला तेल देताना मुठीची खट्‌ परीक्षा करत चला. वेगळा वेळ लागत नाही. घर्षणाची गादी किंवा रबर गुळगुळीत, चकचकीत झालं की ते घसरतं. अशा वेळी स्क्रू आवळत बसण्यापेक्षा भाग बदला. ग्रिप बदलली, केबल बदलली, बाइक उजव्या बाजूला पडली, यांपैकी काहीही झालं तर फटी पुन्हा मोजायच्या आणि इंजिन बंद ठेवून करायच्या सगळ्या चाचण्या पुन्हा. पडलेल्या बाइकवर बार-एंडचं लॉक आत ढकललं जाऊन ग्रिपला टेकलेलं असू शकतं, म्हणून तिथेच, उचलल्या उचलल्या, स्टार्टर दाबण्याआधी मूठ फिरवून बघा.

मित्राला बाइक देताना किंवा सर्व्हिसला टाकताना लॉक उघडं ठेवा आणि ते काय आहे हे तोंडी सांगा. मेकॅनिक गाडी न्यूट्रलमध्ये रेस करून बघतो, आणि त्याचा अंगठा त्या अनोळखी बटणावर जाणारच.